नावावरचा अंगठा

मास्तरांना पुरून सात आठवडे झाले, तेव्हा मोनिका आंटींनी मला घरी बोलावलं आणि बेसमेंटमधून आणलेला बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा माझ्यापुढे ठेवला.

"हा तू ने. मला फेकवत नाही आणि ठेववतही नाही. कालच बोट कापलं माझं."

डब्यात काचा होत्या. एकेक तुकडा कापसात गुंडाळलेला, त्याभोवती कागदाची पट्टी, आणि पट्टीवर मास्तरांच्या, शाळेतल्या फळ्यावर शोभेल अशा अक्षरात दोन ओळी. वरची ओळ 'बाहेर' या शब्दाने सुरू व्हायची, खालची 'घरात' या शब्दाने. एका पट्टीवर मी वाचलं: 'बाहेर: वाळवंटातलं युद्ध, पहिला महिना. घरात: दोन मुलांच्या आईची बैठकीची खिडकी, वीट.' दुसरीवर: 'बाहेर: तेच, सैनिक परतल्यावर. घरात: प्रार्थनेची जागा, मागचं दार, पेट्रोल.' कुठल्याही पट्टीवर देशाचं नाव नव्हतं, धर्माचं नव्हतं, माणसाचं नव्हतं. नावाच्या जागी एक आडवी रेघ.

"आयुष्यभर दुसऱ्यांच्या फुटक्या काचा घरी आणल्या या माणसाने," आंटी म्हणाल्या. "बाकीचे नवरे पगार आणतात."

हे बोलून त्या हसल्या, आणि मग पाठ फिरवून सिंकमधली भांडी घासू लागल्या.

मास्तरांचं नाव पास्कल तुस्कानो. वसईच्या एका शाळेत अकरा वर्षं त्यांनी इतिहास शिकवला. मग बायकोच्या भावाने बोलावलं म्हणून टोरोंटोला आले. इथे त्यांची पदवी कुणी हातात घेऊन बघितली नाही. एका इटालियन माणसाच्या काचेच्या कंपनीत ते खिडक्या बसवायला लागले आणि तीस वर्षं बसवत राहिले. मालक त्यांना 'प्रोफेसर' म्हणायचा. आपल्यातले सगळे 'मास्तर' म्हणायचे. मोनिका आंटीसुद्धा. "मास्तर, जेवायला या," अशी हाक मारणारी दुसरी बायको मी पाहिलेली नाही.

मी नागपूरची. रिचमंड हिलमधल्या एका लायब्ररीत नोकरी करते. आमच्या संदर्भ विभागातल्या खिडकीला तडा गेला, तेव्हा ते ती बदलायला आले. उंचीने बेताचे, काळे, खांदे मजबूत, वरचे पुढचे दोन दात नाहीत, आणि कामाच्या खाकी कपड्यांवर टाय. काच बसवायला त्यांना तास लागला. त्यानंतर दोन तास ते शेल्फांपुढे फिरत राहिले. शेवटी माझ्या टेबलाशी येऊन त्यांनी इंग्रजीत तक्रार केली की पहिल्या महायुद्धाची तुमच्याकडे दीडशे पुस्तकं आहेत, पण युद्ध चालू असताना इथल्या रस्त्यांवर काय झालं त्याची फक्त तीन. माझ्या गळ्यातलं कार्ड वाचून ते मराठीत आले.

"नागपूरच्या तुम्ही. मग बरं झालं. लायब्ररीबाई, एक लढाई तुम्ही सांगा, कुठलीही. ती चालू असताना घरी काय फुटलं, ते मी सांगतो."

मी एक सांगितली. त्यांनी पंचवीस मिनिटं घेतली. व्हॅन चुकीच्या जागी उभी होती, तिला पार्किंगच्या दंडाचं तिकीट लागलं.

व्हॅनमध्ये काचांच्या मधे पुठ्ठे घालतात तिथे मास्तर पुस्तकं घालत. पुठ्ठ्याएवढीच चांगली बसतात, वर वाचताही येतात, असं त्यांचं म्हणणं. आणि ड्रायव्हरच्या सीटखाली त्यांची एक वही असायची. डाव्या पानावर 'बाहेर', उजव्या पानावर 'घरात'. डावीकडे एखाद्या देशाने आपल्या सीमेपलीकडे केलेलं युद्ध. उजवीकडे त्याच देशात त्या काळात फुटलेली डोकी: दंगे, संप, गोळीबार, जाळपोळ. उजवीकडचा मजकूर कधीच डावीकडच्या ओळीला सुरू होत नसे. काही ओळी खाली सुरू व्हायचा. मधल्या कोऱ्या जागेत पेन्सिलने एकच शब्द लिहिलेला असे, 'उशीर'.

"पुस्तकं सांगतात, युद्ध लागलं की देश एक होतो," ते म्हणायचे. "खोटं नाही. होतो. मयताला जमलेले भाऊ चार दिवस गोड बोलतात ना, तसा. मग मृत्युपत्र उघडतं. सक्तीच्या भरतीच्या याद्या लागतात, पाव महागतो. आणि सगळ्यात शेवटी, जे तिकडे मारायला शिकले ते घरी येतात. त्यांना इथे कुणी शत्रू नेमून दिलेला नसतो. ते स्वतःच शोधतात."

"आणि उलटं होत नाही का?" मी एकदा विचारलं. "घरात आधी पेटलं म्हणून कुणी बाहेर युद्ध काढलं, असं?"

ते एवढे खूश झाले की त्यांनी टाय सैल केला. "होतं ना. घरात धूर झाला की राज्य करणारा खिडकी उघडतो आणि बाहेर बोट दाखवतो. म्हणून तर यातलं आधीचं पान कुठलं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. आपल्याला डावीकडून वाचायची सवय, म्हणून बाहेरचं डावीकडे लिहिलं. एवढंच."

या वहीतून वाचून दाखवायची त्यांची एक रीत होती. मजकुरात देशाचं किंवा लोकांचं नाव आलं की ते त्यावर अंगठा ठेवत. उजव्या हाताचा, रुंद, नखाखाली पांढरा व्रण असलेला. वसईच्या वर्गातही असंच शिकवत, अंगठा ठेवून. "कोण कुणाला मारतंय, सांगा पाहू." मुलं नावं सुचवत. दरवेळी चार-पाच वेगळी नावं येत आणि सगळी बसत. "नाव दिसलं की माणूस आधी आपली बाजू शोधतो," ते म्हणत, "मग वाचतो."

म्हणून ज्या युद्धामुळे पुढचं सगळं झालं, त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. मास्तरांनी लिहू दिलं नसतं.

अंगठ्याची ती सवय कुठून आली ते त्यांनी मला एकदा सांगितलं. त्यांचे वडील मुंबईच्या गोदीत सुतार होते. शेचाळीस सालच्या फेब्रुवारीत नौदलातले खलाशी उठले, त्यांच्यामागे गिरण्या उठल्या आणि परळच्या रस्त्यांवर लष्कराच्या गाड्या फिरू लागल्या. दुसरं महायुद्ध संपून सहा महिने झाले होते. वडील एका चहाच्या दुकानात काचेच्या कपाटाशी उभे होते. गाडीतून गोळ्या आल्या. कपाट फुटलं. शेजारी उभा असलेला माणूस पोटाला हात लावून खाली बसला. बसल्या बसल्या त्याने एकदा चहा मागितला, दोनदा मागितला आणि मेला. वडिलांच्या गालात काचेचा एक कण शिरला, तो जन्मभर निघाला नाही.

"मी मांडीवर बसलो की अंगठ्याने तो कण शोधायचो. कातडीखाली सरकायचा. दाढी करताना बाबा शिव्या द्यायचे. इंग्रजांना नाही, काचेला. मी विचारायचो, कुणी मारलं? ते म्हणायचे, गाडीवाल्यांनी. गाडीत कोण होतं? म्हणायचे, टोप्या होत्या."

दोन दातांची गोष्ट ते हसत सांगायचे, दातांच्या खिंडीतून शीळ घालत. कॅनडात येऊन दुसरं वर्ष. वाळवंटात युद्ध सुरू झालेलं, आणि इथे एका घराच्या बैठकीत कुणी वीट फेकलेली. घरात एक बाई, दोन मुलं, बाहेर उणे पंधरा. मास्तर एकटेच नवी काच दोन्ही हातांत धरून अंगणात उभे असताना पिकअप थांबला आणि तिघं उतरले. एकाच्या हातात हॉकी स्टिक. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा तोंडावर.

"काच टाकली असती तर हात मोकळे झाले असते. पण काच कंपनीची. मी धरून राहिलो आणि तोंडातलं रक्त गिळून त्यांना विचारलं, तुम्ही मला कोण समजून मारताय? खरंच जाणून घ्यायचं होतं हो. ते थांबले. पहिल्याने एक देश सांगितला, दुसऱ्याने दुसरा, तिसऱ्याने एक धर्म सांगितला. तिघांचं आपापसात जुंपायची वेळ आली. मग तिसऱ्याने वाद नको म्हणून पुन्हा मारायला सुरुवात केली."

"मग?"

"मग काय, काच बसवली. मुलं गारठली होती."

दात पुन्हा बसवून घ्यायला त्यांनी नकार दिला. आंटी मागे लागल्या की म्हणत, "हे माझं संशोधन आहे. छापून आलेलं एवढंच."

लायब्ररीत मी त्यांना महिन्यातून एकदा बोलायला लावलं. निवृत्त झालेले पंधरा-वीस पुरुष यायचे, निरनिराळ्या देशांचे, बहुतेक चहासाठी. पहिल्या महायुद्धातली इस्टरची क्वेबेकची गोळीबाराची हकिकत झाली, दुसरं महायुद्ध जिंकल्याच्या आनंदात हॅलिफॅक्सची दुकानं आपल्याच खलाशांनी लुटली तेही झालं. तिसऱ्या वेळी मास्तरांनी अंगठा ठेवून वाचलं: परत आलेल्या सैनिकांनी मोर्चा काढला. हे लोक आमच्याबरोबर लढायला आले नाहीत आणि इथे हॉटेलं चालवतात, असं म्हणत त्यांनी एकामागून एक हॉटेल फोडलं. खुर्च्या, आरसे, थाळ्या रस्त्यावर आल्या. पोलीस आधी बघत उभे राहिले. "कोण कुणाला मारतंय?"

पुढच्या रांगेतला एक म्हातारा उठला. म्हणाला, ही आमच्या शहराची गोष्ट आहे, माझ्या काकाचं हॉटेल होतं. मागच्या रांगेतला दुसरा म्हणाला, हो, आणि फोडणारे तुम्हीच होतात, हॉटेल आमचं होतं. दोघं एकाच शहरातून, दोन बाजूंनी पळून आलेले. पहिल्याने चहाचा कप फेकला. दुसऱ्याने काठी उगारली, ती पहिल्याच्या कानावर बसली आणि कान फाटला. ऐंशीच्या घरातली माणसं, पण एकमेकांचा गळा धरून गालिच्यावर लोळत होती आणि सोडवायला गेलेल्या तिसऱ्याच्या मनगटाला एकाने चावा घेतला. मी फोनकडे धावले. मास्तरांनी वही त्या दोघांच्या तोंडासमोर धरली आणि अंगठा उचलला.

"ग्रीक," ते म्हणाले. "इथलंच, टोरोंटोचं. यंग स्ट्रीट. इथून सरळ खाली."

दोघं रक्ताळलेल्या तोंडांनी ते नाव वाचत राहिले.  त्यानंतर आमच्या साहेबांनी ती व्याख्यानं बंद केली. मास्तरांना वाईट वाटलं नाही. "कान फाटेपर्यंत लक्ष देऊन ऐकणारे विद्यार्थी मला वसईत कधी मिळाले नाहीत," म्हणाले.

लायब्ररीच्या समोरच्या प्लाझात औषधांचं दुकान, नखं रंगवून देणाऱ्या बायकांचं दुकान, टॅक्सवाला आणि कोपऱ्यात एक बेकरी. निवृत्त झाल्यापासून मास्तर दर शनिवारी तिथे हातभर लांब, गरम नान घ्यायला जात. बेकरीवाला आणि त्याची बायको दोघंच दुकान चालवत. तो मास्तरांना 'उस्ता' म्हणायचा. त्यांच्या भाषेत कारागिराला म्हणतात. दोघांचं इंग्रजी सारखंच तुटक, त्यामुळे गप्पा छान चालत. दर्शनी काचेवर बेकरीवाल्याने आपलं नाव दोन लिप्यांत सोनेरी रंगात लिहून घेतलं होतं. मास्तर जाता-येता त्या अक्षरांवरची धूळ रुमालाने पुसत.

मग मागच्या पानगळीत ते युद्ध लागलं. पहिले दोन आठवडे सगळं शांत होतं. तिसऱ्या आठवड्यात गाड्यांवर झेंडे आले, शनिवारी मोर्चे निघू लागले, बेकरीच्या काचेवर कुणी थुंकून गेलं. मग दुसऱ्या गावातलं एक किराणा दुकान जळलं. आत झोपलेला माणूस भाजला.

मास्तर वही घेऊन लायब्ररीत आले. इतके अस्वस्थ मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"लायब्ररीबाई, नेहमी असंच होतं. आधी थुंकतात, मग जळतं, मग काचेवरची नावं वाचत फिरतात. आयुष्यभर मी काच फुटल्यावर गेलो. एकदा आधी जातो. या वेळी उशीर होऊ द्यायचा नाही."

पन्नास वर्षं ती वही फक्त वाचायची होती. आता त्यांना तिच्यातून एका माणसाला वाचवायचं होतं.

शुक्रवारी सकाळी जुन्या कंपनीची व्हॅन मागून ते प्लायवूड घेऊन आले. बेकरीवाला तयार नव्हता. "उस्ता, लोकांना वाटेल दुकान बुडालं."

"दोन शनिवार. मग काढतो."

"बाकी कुणी ठोकलेलं नाही."

"बाकी कुणाच्या काचेवर असं नाव आहे?"

बेकरीवाल्याने बायकोकडे बघितलं. ती पीठ मळत होती. म्हणाली, "उस्ता म्हणतोय तर राहू दे." मास्तरांनी पात्याने ती सोनेरी अक्षरं खरवडून काढली. मग अख्खी दर्शनी बाजू प्लायवूडने झाकली. स्क्रू एकसारख्या अंतरावर, कडा घासलेल्या. दाराच्या वरची छोटी पाटीही उतरवली. दुपारच्या सुट्टीत मी बघायला गेले, तेव्हा ते लांब उभे राहून आपलं काम बघत होते.

"नाव गेलं," म्हणाले. "आता शोधा म्हणावं."

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला ते माझ्या टेबलाशी चहा पीत होते. मोर्चा यंग स्ट्रीटवरून जात होता, घोषणा ऐकू येत होत्या. मग घोषणांमध्ये लाकूड फाटल्याचा आवाज आला, मग किंकाळी. मास्तरांनी कप ठेवला. पंच्याहत्तरीचा माणूस, पण मला त्यांच्यामागे धावावं लागलं.

मोर्च्यातून फुटलेले वीस-पंचवीस जण होते, त्यातले बरेचसे आम्ही पोचेपर्यंत पळाले होते. पहारीने प्लायवूड उपटून त्याच फळ्यांनी काच फोडली होती. फळ्यांचे अर्धे तुकडे अजून स्क्रूंना लटकत होते. आत पिठाचं पोतं फाटलेलं, पिठात रक्त, रक्तात काच. भट्टीतून कणीक जळल्याचा वास येत होता. बेकरीवाला दारापाशी जमिनीवर बसला होता आणि त्याची बायको त्याच्या डाव्या डोळ्यावर फडकं दाबून धरत होती. तिच्या कोपरापर्यंत रक्त होतं. तो ओरडत नव्हता. एकच वाक्य त्यांच्या भाषेत पुन्हा पुन्हा बोलत होता. नंतर मला कळलं, तो भट्टी बंद करायला सांगत होता. मास्तर आत गेले आणि त्यांनी भट्टी बंद केली.

बाहेर पोलिसांनी एकाला पकडून फुटपाथच्या कडेला बसवलं होतं. चाळिशीचा माणूस, साधं विंटर जॅकेट, नाक फुटलेलं. तो रडत होता. एक पोलीसबाई त्याला विचारत होती आणि आम्ही चार पावलांवर उभे होतो.

"हेच दुकान का?"

"बाकी सगळी उघडी होती."

"म्हणजे?"

"यांनी फळ्या ठोकल्या होत्या. लपवायला काही नसेल तर कोण ठोकतं?"

"दुकान कुणाचं आहे ते माहीत होतं?"

"नाही," तो नाक पुसत म्हणाला. "नाव कुठे होतं?"

मी मास्तरांकडे बघितलं नाही. मला धीर झाला नाही. त्यांचा श्वास मात्र ऐकू येत होता, दातांच्या खिंडीतून येणारा.

त्यानंतर नऊ दिवस त्यांनी टाय घातला नाही. आंटी सांगत होत्या, रात्रंदिवस बेसमेंटमध्ये बसतात, वहीचं एकच पान उघडून. मी गेले तेव्हा ते पान बघितलं. डावीकडे दोन ओळी. उजवीकडे, 'घरात' पुढे, देशाच्या किंवा लोकांच्या नावाऐवजी पहिल्यांदाच एका माणसाचं नाव होतं: 'पास्कल तुस्कानो, काच बसवणारा.' मधल्या जागेत 'उशीर' लिहिलेलं नव्हतं.

"मास्तर, फोडली त्यांनी. तुम्ही नाही."

"फोडली त्यांनीच. घर मी दाखवलं."

दहाव्या दिवशी त्यांनी दाढी केली आणि मला हॉस्पिटलला न्यायला सांगितलं. बेकरीवाल्याचा डोळा गेला होता. खाटेच्या एका बाजूला त्याची बायको. मास्तर दुसऱ्या बाजूला उभे राहिले, खुर्ची असून बसले नाहीत, आणि पकडलेला माणूस पोलिसांना काय म्हणाला ते त्यांनी शब्द न् शब्द सांगितलं. मग म्हणाले, "तो तुझ्या नावाला शोधत आला नव्हता. माझ्या फळ्यांना बघून आला. तुला हे माहीत असायला हवं. आता तू मला जा म्हणालास तर मी जाईन."

बेकरीवाला छताकडे बघत पडून राहिला. नर्स येऊन सलाईन बदलून गेली.

"आम्ही हो म्हटलं होतं," बायको हळूच म्हणाली.

"तू म्हटलं होतंस," तो म्हणाला. मग त्याने मान वळवली. उरलेला डोळा मास्तरांवर यायला त्याला मान पूर्ण वळवावी लागली. "उस्ता. नवी काच तूच लाव. नाव मी सांगेन तेवढं मोठं. आणि शनिवारी तू लायब्ररीत बसायचं नाही. काचेच्या आत बसायचं. माझ्याबरोबर."

"बसेन," मास्तर म्हणाले.

 परतताना गाडीत, मेजर मॅकेन्झी रस्त्याच्या सिग्नलला ते म्हणाले, "देशाच्या नावावर ठेवायचा अंगठा मी माणसाच्या नावावर ठेवला. पन्नास वर्षं शिकवतोय आणि मला फरक माहीत नव्हता."

डिसेंबरात त्यांनी काच लावली. त्यांच्या जुन्या कंपनीतले दोन कामगार मदतीला आले, कारण ही काच जड होती. दोन काचांच्या मधे प्लास्टिकचा पारदर्शक पडदा असलेली, तडकली तरी न गळणारी. नाव लिहायला रंगारी आला. अक्षरं पहिल्यापेक्षा दुप्पट उंच, दोन्ही लिप्यांत. मास्तर उणे आठमध्ये त्याच्यासाठी शिडी धरून उभे राहिले.

आणि मग दर शनिवारी, टाय लावून, दुपारी दोन ते सहा, काचेच्या आत खुर्चीवर. बेकरीवाला भट्टीशी, एक डोळा पट्टीखाली. एका डोळ्याची सवय नसल्यामुळे त्याचे हात पोळायचे. नान काढायचं लांब दांड्याचं फावडं भट्टीच्या कडेला आपटायचं. मास्तर नुसते बसायचे, वहीशिवाय. मी विचारलं, भीती वाटत नाही का? म्हणाले, "वाटते की. परळला काचेमागे बाबांनाही वाटली असेल." मोनिका आंटींनी एकदा त्यांना घरी ओढून नेण्याचा प्रयत्न केला. भर दुकानात म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या हट्टापायी मला विधवा व्हायचं नाही." मास्तर म्हणाले, "मोना, मी शब्द दिलाय." आंटींनी कोट काढला आणि दुसऱ्या खुर्चीवर बसल्या. सहा वाजेपर्यंत त्या रोझरीचे मणी ओढत होत्या आणि मधे मधे नवऱ्याला बोलत होत्या.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला ते गेले. मारामारीत नाही. सकाळी ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने उपसताना छातीत कळ आली आणि आंटी बाहेर येईपर्यंत संपलं होतं. चर्चमध्ये बेकरीवाला पहिल्या बाकावर होता. त्याने नान आणले होते. चर्चमध्ये ते कुठे ठेवायचे ते कुणाला कळेना, म्हणून आंटींनी ते मांडीवर घेतले.

पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या दहा दिवस आधी, शनिवारी. कामावरून सुटून मी रस्ता ओलांडला आणि मोर्च्याच्या मागच्या टोकात अडकले. काहीजण पुन्हा प्लाझात वळले होते, या वेळी कमी, दहा-बारा. तोंडं मफलरने बांधलेली. एकजण काचेवरचं नाव मोठ्याने वाचत होता, अक्षर अक्षर ओढून, चिडवल्यासारखं. बाकीचे ते नाव घेऊन शिव्या देत होते. मास्तर आत बसलेले. उठले नाहीत. त्यांच्यामागे बेकरीवाला फावडं घेऊन उभा.

कुणीतरी बर्फाचं गोठलेलं ढेकूळ उचलून मारलं. दगडासारखंच ते. बंदूक सुटल्यासारखा आवाज झाला आणि काचेवर मधोमध पांढरा तारा उमटला. त्याचे तडे कोपऱ्यांपर्यंत पळाले. माझ्या शेजारच्या बाईने कान झाकले. दुसरं ढेकूळ त्याच्याच बाजूला बसलं. तिसरं फेकणाऱ्याचा हात वर गेला, तेवढ्यात पोलिसांची गाडी फुटपाथवर चढली आणि ती माणसं पार्किंग लॉटमधून सैरावैरा पळाली. एक माझ्या खांद्याला धडकून गेला. मी बर्फात गुडघ्यांवर पडले. मान वर केली तेव्हा समोर ती काच होती.

काच गळली नव्हती. तड्यांमुळे मास्तरांचा चेहरा तुकड्यातुकड्यांत दिसत होता. एका तुकड्यात टाय, एकात कपाळ, एकात दोन दातांची काळी जागा. ते खुर्चीवरून उठले आणि काचेजवळ आले. त्यांनी हात वर केला. मला वाटलं मला बघून खूण करताहेत. पण त्यांनी मला पाहिलं नव्हतं. त्यांनी उजव्या हाताचा अंगठा आतून काचेवर ठेवला, जिथून तडे निघाले होते तिथे, आणि हळूहळू फिरवला. कातडीखालचा कण शोधावा तसा.

अंगठ्याच्या बाजूला ती सोनेरी अक्षरं होती. एकही झाकलेलं नव्हतं. मी गुडघ्यांवरून वाचलं. नादेर.